फॅमिली डॉक्टरचं संशोधन वॉर्डातल्या फायलींत कोंडू नका

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील ज्या रुग्णालयांत फॅमिली मेडिसिनचं पदव्युत्तर प्रशिक्षण चालतं, त्यांचे विश्वस्त, वैद्यकीय संचालक आणि संशोधन व एथिक्स कमिट्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली 17 वर्षं घणसोलीत दवाखाना चालवते. माझ्याकडे माथाडी येतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी मुलं येतात, गावठाणातल्या आगरी आज्या येतात आणि आयटी पार्कात नोकरी करणारे त्यांचे नातूही येतात. मी स्वतः फॅमिली मेडिसिनचं, म्हणजे फॅमिली डॉक्टर घडवणाऱ्या शाखेचं, डीएनबी (पदव्युत्तर पदवी) ठाण्यात केलं. आता आपल्यापैकी एका रुग्णालयाचे निवासी डॉक्टर पोस्टिंगवर माझ्या दवाखान्यात येऊन बसतात. शिकताना काय होतं ते मी भोगलं आहे आणि शिकवताना काय होतं ते रोज बघते आहे. आजवर जे बोलायचं ते मी बैठकांत बोलत आले. गेल्या महिन्यात निघालेल्या एका परिपत्रकानंतर मात्र गप्प राहणं मला जमत नाही.

परिपत्रक छोटंसंच आहे. फॅमिली मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांनी थिसिससाठी यापुढे फक्त रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी वापरायच्या. बाहेरचे दवाखाने, वस्त्या, कामाच्या जागा इथून माहिती गोळा करायला परवानगी मिळणार नाही. आणि संशोधनाचा निधी व संख्याशास्त्रज्ञाचे तास 'प्राधान्याच्या विभागांना' दिले जातील. त्या विभागांच्या यादीत फॅमिली मेडिसिन नाही.

रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. एका ठिकाणी जे कागदावर आलं ते इतर ठिकाणी कागदाविना चालतं, असं माझे सहकारी मला सांगतात, म्हणून हे पत्र आपणा सर्वांना आहे.

यामुळे नेमकं काय बंद पडलं ते आधी सांगते.

माझ्याकडे एक माथाडी येतात. मूळचे पाटण तालुक्यातले, वाशीच्या भाजी मार्केटात रात्रीच्या कामाला. मी त्यांना तात्या म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांचं बीपी 170 च्या वर सापडलं. मी गोळी लिहून दिली, चिठ्ठीवर नेहमीसारखं 1-0-0 लिहिलं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. तीन महिने झाले तरी बीपी जागचं हलेना. मी डोस वाढवला. तरी तेच. मग एके दिवशी माझ्याकडे शिकायला आलेल्या निवासी डॉक्टरने त्यांना विचारलं, "तात्या, ही गोळी तुम्ही नक्की किती वाजता घेता?"

तात्या म्हणाले, "सकाळीच की. उठलो की."

ते उठतात संध्याकाळी पाचला. रात्री दीडला मार्केटात जातात, सकाळी दहाला घरी येऊन जेवतात आणि झोपतात. त्यांची सकाळ संध्याकाळी होते. शिवाय ज्या दिवशी गाड्या जास्त यायच्या असतात, त्या दिवशी ते गोळी घेतच नव्हते. "पाणी काढायची गोळी हाय त्यात. सारखं लघवीला पळावं लागतं, अन् गाडी खाली करताना मुकादम सोडत न्हाई. आणि गोणी उचलली की डोळ्यापुढं अंधारी येती बघा." तोवर मी त्यांना गोळी कधी घेता हे एकदाही विचारलं नव्हतं. चिठ्ठीवरचा 1-0-0 कुणाच्या दिवसाचा आहे, हा प्रश्नच माझ्या मनात आला नव्हता. तो त्या मुलीने विचारला.

ती तिथेच थांबली नाही. रात्रपाळीवाल्याने बीपीची गोळी कधी घ्यावी, हे शोधायला ती बसली. ब्रिटनमध्ये गोळी सकाळी घ्यावी की संध्याकाळी यावर मोठा अभ्यास झाला आहे, 2022 साली तो प्रसिद्ध झाला. 21 हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते, आणि हृदयविकार, पक्षाघात यांच्या बाबतीत दोन्ही वेळांत फरक दिसला नाही. मात्र रात्रपाळी करणाऱ्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. म्हणजे तात्यांसाठी तिथे उत्तर नाही. वाशीच्या मार्केटात रात्रभर राबणारा माणूस गोळी कधी घेतो, कधी सोडतो, का सोडतो आणि कोणत्या वेळेला घेतली तर ती टिकते, हे शोधायला वाशीच्याच मार्केटात जावं लागेल.

आम्ही गेलो. परवानगीआधी संशोधनाची माहिती घेता येत नाही म्हणून नुसतं बघायला आणि लोकांशी बोलायला गेलो, आणि ज्याला हवं त्याचं बीपी तपासून दिलं. पहाटेचे तीन वाजले होते. गाळ्यापुढे ट्यूबलाइटखाली कोबीच्या गोण्यांची थप्पी, तिच्या कडेला एक प्लास्टिकचं स्टूल. बीपी मोजण्याआधी माणसाने पाच मिनिटं शांत बसावं असा नियम आहे. एका टोळीतला चाळिशीचा माणूस खांद्यावर हूक अडकवूनच बसला आणि दोन मिनिटांत मुकादमाची हाक आली. तो उठून गेला, एक खेप टाकून परत आला, पुन्हा बसला. त्याचं शर्ट पाठीला चिकटलं होतं. त्या मुलीने लाल पुठ्ठ्याच्या वहीत टिपून ठेवलं: पाच मिनिटं बसवणं शक्य नाही, मोजायची वेळ दोन गाड्यांच्या मध्ये धरावी लागेल, शौचालय गाळ्यापासून लांब. वर्गात बसून हे कुणाला सुचलं नसतं. पुढे त्या वहीत, अभ्यासात यायला आपण होऊन तयार झालेल्या 43 जणांची नावं जमली.

तिने प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहिला. संशोधन समितीपुढे तो मांडला. तिला विचारलं गेलं की यात नवीन काय आहे, नमुना (अभ्यासात घ्यायची माणसं) कुठला, आणि मार्केट ही काय अभ्यासाची जागा आहे का. एका सदस्यांनी आपुलकीनेच सुचवलं की दाखल झालेल्या मधुमेहींच्या फायली काढ, एचबीए1सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर) बघ, सहा महिन्यांत मोकळी होशील. ती वर्ष वाया घालवू शकत नव्हती. थिसिस मंजूर झाल्याशिवाय डीएनबीची पदवी हातात पडत नाही. तिने फायली काढल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी परिपत्रक आलं आणि तो सल्ला नियम झाला.

आता माझी गाऱ्हाणी सांगते.

पहिलं आणि सगळ्यांत मोठं हे की तुम्ही आमच्या शाखेला तिच्याच रुग्णांपासून तोडलं आहे. 1961 साली केर व्हाइट या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती एकत्र करून एक साधा हिशेब मांडला होता. 1000 प्रौढ माणसं धरली तर एका महिन्यात 750 जणांना काही ना काही दुखणं होतं. त्यातले 250 डॉक्टरकडे जातात. रुग्णालयात दाखल होतात 9 जण, आणि मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात पोचतो 1. आकडे परदेशातले आणि जुने आहेत, पण गंगा कुठल्या दिशेने वाहते ते त्यातून कळतं. फॅमिली डॉक्टरला त्या 250 जणांबरोबर आयुष्य काढायचं असतं, आणि उरलेल्या 500 जणांतला कोण केव्हा दार ठोठावेल तेही ओळखायचं असतं. तुमचं परिपत्रक त्याला सांगतं की अभ्यास मात्र त्या 9 जणांचा कर.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगते आहे. 26 जुलै 2005 चा पूर आला तेव्हा मी ठाण्यात एका रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. पाणी ओसरलं आणि तापाची रांग लागली. लेप्टोने, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाने, माणसं गेली. कळव्याच्या चाळींतून लोक येत होते, पायांना जखमा, डोळे लाल, पोटऱ्या दुखताहेत. त्यातले बहुतेक तिथल्या दवाखान्यांतच उपचार घेत होते, थोडेच आमच्यापर्यंत पोचत होते. मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच: पहिल्या दोन दिवसांत, रक्ताचा अहवाल हातात नसताना, चाळीतल्या डॉक्टरने कुणाला घरी ठेवावं आणि कुणाला लगेच पाठवावं? माझ्या गाइडनी सांगितलं, ते जमणार नाही, आयसीयूतल्या रुग्णांच्या फायली घे. मी घेतल्या. थिसिस मंजूर झाला, काळ्या कव्हरात बांधला गेला. त्यातला एकही निष्कर्ष मला 17 वर्षांत दवाखान्यात वापरता आलेला नाही. दर पावसाळ्यात पोटऱ्या दुखणारा तापाचा माणूस समोर बसला की मी माझ्या अंदाजावर चालते. ते शोधायची संधी माझ्या हातात होती, आणि ती गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरं गाऱ्हाणं वेळेचं. फॅमिली मेडिसिनचा निवासी डॉक्टर मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, सर्जरी अशा विभागांतून फिरतो, आणि तसं फिरायलाच हवं. पण ज्या विभागात माणसं कमी पडतील तिथे तो भरणीला लावला जातो. कॅज्युअल्टीत कुणी नाही, फॅमिलीवाल्याला लावा. आयसीयूत रात्रीची ड्यूटी, फॅमिलीवाल्याला लावा. कुठल्याच विभागाला तो आपला वाटत नाही, म्हणून त्याच्या वेळेचा हिशेब कुणी ठेवत नाही. माझ्याकडे येणारी ही मुलगी रात्रीची ड्यूटी संपवून सकाळी दवाखान्यात यायची आणि दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपायची. मी तिला उठवत नसे. परिपत्रकाबरोबर बाहेरच्या दवाखान्यातलं पोस्टिंगही कमी केलं आहे. दवाखान्यात एकाच माणसाला महिन्या-महिन्याने पुन्हा पुन्हा भेटणं, त्याच्या घरचं माहीत होणं, आणि त्यातून प्रश्न सुचणं, हे थोड्या दिवसांच्या हजेरीत होत नाही. तात्यांना तो प्रश्न तिने पहिल्या भेटीत विचारला नव्हता, चौथ्या भेटीत विचारला.

गाइडबद्दल लिहिताना मला संकोच होतो, कारण ती सगळी माझ्या ओळखीची, कष्टाळू माणसं आहेत. तरीही लिहिते. फॅमिली मेडिसिनच्या विद्यार्थ्याचा गाइड बहुधा दुसऱ्या शाखेचा असतो. त्याच्या शाखेत जे विषय चालतात त्यांतलाच एखादा उरलासुरला विषय याच्या वाट्याला येतो. औषध का टिकत नाही, सासू-सुनेच्या घरात मधुमेहाचं पथ्य कोण ठरवतं, एकाच माणसाला पाच आजार असले की कोणती गोळी आधी बंद करावी, असे आमच्या शाखेचे जे खरे प्रश्न आहेत ते मांडायला त्यांच्या साच्यात जागाच नसते. अशा विषयांत लोकांशी बोलून, त्यांच्या म्हणण्याचा नीट अभ्यास करण्याची स्वतंत्र पद्धत असते. ती पाहिली की समितीत पहिला प्रश्न येतो, "पी व्हॅल्यू कुठे आहे?" म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, ते जोखणारा आकडा.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण रक्कम खरंच थोडी आहे. दोन तपासून घेतलेली बीपीची मशीनं, वेगवेगळ्या मापांचे कफ, झेरॉक्स, रात्री कोपरखैरणे ते मार्केट रिक्षा. तिने हे सगळं विद्यावेतनातून केलं. संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला मात्र विद्यावेतनातून विकत घेता आला नाही. आणि जिथे रुग्णालय तो देत नाही तिथे काय होतं, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आकडे नेऊन दिले की तक्ते, आलेख, चर्चा सगळं बांधून देणारी दुकानं आहेत. थकलेली, घाबरलेली मुलं तिथे जातात. मी त्यांना दोष द्यायला धजत नाही. नमुना किती हवा, हे प्रोटोकॉल लिहितानाच अर्धा तास बसून सांगणारं माणूस मिळालं तर त्यांना त्या दुकानाची पायरी चढावी लागणार नाही. आकडेवारीसाठी आर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शिकवणारं माणूस तेवढं लागतं. पहिल्या वर्षात मुलं संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स करतात, परीक्षाही देतात. पण पोहण्याचा कोर्स ऑनलाइन करून ज्याला विहिरीजवळ जाऊ दिलं नाही, त्याच्यासारखी त्यांची गत होते.

एथिक्स कमिटीशी माझं भांडण नाही. कमिटी कडक असावी, माझ्या माणसांच्या रक्षणासाठी ती असावी. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या संमतिपत्राचा नमुना तिला दिला गेला, त्यात एक वाक्य होतं: 'सदर अध्ययनातून कोणत्याही टप्प्यावर निवृत्त होण्याचा आपणास अधिकार आहे.' ते मी तात्यांना वाचून दाखवलं. ते 'निवृत्त' या शब्दाला अडले आणि त्यांचा चेहरा उतरला. बीपीचा कागद माथाडी बोर्डात गेला तर आपल्याला कामावरून काढतील, ही त्यांची भीती होती. ती भीती खरी आहे, मार्केटात अनेकांना आहे. आम्ही मग ते वाक्य असं केलं: 'मध्येच नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही. तुमचं नाव मुकादमाला, बोर्डाला, कुणालाही कळणार नाही.' नमुन्याशी जुळत नाही म्हणून ते परत आलं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की संमती समोरच्याला समजेल अशा भाषेत घ्यावी. त्याच तत्त्वांत, ज्या अभ्यासात धोका नगण्य किंवा अगदी कमी आहे तो लवकर तपासून मोकळा करण्याची सोय आहे. आणि ज्या संस्थेची स्वतःची कमिटी नाही तिला लेखी करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडून तपासणी करून घेण्याची वाटही आहे. म्हणजे माझ्यासारख्या दवाखान्यातला अभ्यास तुमच्या कमिटीखाली नीट, कायदेशीर होऊ शकतो.

तुमची अडचण मला कळते. रुग्णालयाबाहेर काही घडलं तर जबाबदारी कुणाची, रात्री तीन वाजता मुलगी मार्केटात असताना तिची सुरक्षा कोण बघणार, गोळा झालेली माहिती कुठे ठेवणार, हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं करारात लिहिता येतात. सरसकट बंदी घालायची गरज नव्हती.

आणि बाहेर जाऊन अभ्यास करण्यात नवीन काही नाही. आपल्या शेजारच्या रायगडमध्ये, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी बसून टिपणं काढत होते. त्या टिपणांतून निघालेलं काम 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि त्यांच्या पुढच्या कामातून प्राझोसिन या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू कसे रोखता येतात ते जगाला कळलं. लाल विंचू कोकणात होता, रुग्ण कोकणात होते, म्हणून उत्तरही कोकणात सापडलं. वेल्समधल्या कोळसा खाणीच्या एका गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट हे फॅमिली डॉक्टर होते. त्यांनी आपल्या दवाखान्यातल्या सगळ्यांचं बीपी मोजायला घेतलं, न दुखणाऱ्यांचंही. 1971 साली त्यांनीच मांडलं की जिथे चांगल्या उपचाराची गरज जास्त, तिथे तो कमी मिळतो. खाण कामगारांच्या जागी माथाडी ठेवून पाहा. माझी विद्यार्थिनी तेच करायला निघाली होती.

कायदाही आमच्या बाजूने आहे. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात पदव्युत्तर शिक्षण मंडळाच्या कामांत फॅमिली मेडिसिनच्या अभ्यासक्रमांना चालना देणं हे स्पष्ट लिहिलेलं काम आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही या शाखेचा पुरस्कार आहे. केरळात कोळीकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात फॅमिली मेडिसिनचं एमडी कधीच सुरू झालं. या शाखेच्या जागा तुम्ही मागून घेतल्या आहेत, त्या जागांवर आलेल्या डॉक्टरांच्या कामावर तुमचे वॉर्ड चालतात. त्या बदल्यात त्यांना त्यांची शाखा शिकू द्यावी, एवढंच मागणं आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

परिपत्रकातली दाखल रुग्णांच्या नोंदींची अट मागे घ्या. नवी तुकडी रुजू होण्याआधी मागे घ्या, कारण रुजू झाल्यावर प्रोटोकॉल ठरवायला मुलांच्या हातात फार दिवस नसतात, आणि एकदा दिलेला विषय मग तीन वर्षं बदलत नाही.

प्रत्येक निवासी डॉक्टरला आठवड्यातला अर्धा दिवस संशोधनासाठी राखून द्या आणि तो ड्यूटीच्या तक्त्यावर छापा. तोंडी दिलेला वेळ पहिल्याच आजारी सहकाऱ्याच्या रजेत जातो. दवाखान्यातलं पोस्टिंग पूर्ववत करा. आणि ते एकाच दवाखान्यात, सलग असू द्या.

गाइड दुसऱ्या शाखेचा असेल तर त्याच्या जोडीला प्रत्यक्ष दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर सहगाइड म्हणून द्या. नियमात बसवून घेण्याची खटपट तुम्ही करा. ठाण्यात आणि नवी मुंबईत असं काम करायला तयार असलेले डॉक्टर आहेत, मी त्यांतली एक आहे, आणि मला त्यासाठी मानधन नको.

संख्याशास्त्रज्ञाचे महिन्यातले काही तास फॅमिली मेडिसिनच्या नावावर लिहा. सगळ्या रुग्णालयांनी मिळून एक माणूस ठेवला तरी चालेल. थिसिसच्या प्रत्यक्ष खर्चासाठी एक छोटी रक्कम द्या, बिलं दाखवून घेऊ.

एथिक्स कमिटीने कमी धोक्याच्या अभ्यासांसाठी लवकर तपासणीची वाट उघडावी, संमतिपत्राचं मराठी रुग्णाला वाचून दाखवून मगच मंजूर करावं, आणि दवाखान्यांशी करायच्या कराराचा एक मसुदा तयार करावा.

आणि थिसिस पूर्ण झाला की त्याचा एक पानाचा मराठी सारांश ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्याकडे परत गेला पाहिजे. तो मार्केटच्या गेटवर लागेल, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागेल, दवाखान्यात बाकावर ठेवता येईल. आज माझा 2007 चा थिसिस कुठल्या कपाटात आहे हे मलाही माहीत नाही.

या मागण्यांवर बोलायला मी कधीही येईन. संध्याकाळी सहानंतर माझा दवाखाना असतो, ती सोडून कोणतीही वेळ चालेल. लेखी उत्तर मिळालं तर जास्त बरं, कारण ते मला मुलांना दाखवता येईल.

तात्यांच्या चिठ्ठीवर मी आता 1-0-0 लिहीत नाही. 'मार्केटातून आल्यावर, जेवण झालं की' असं लिहिते, आणि पाणी काढायची गोळी काढून टाकली आहे. गेल्या भेटीत त्यांचं बीपी 138 होतं. पण एका माणसाच्या एका आकड्यावरून मी बाकीच्यांना काही सांगू शकत नाही. लाल पुठ्ठ्याची वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यातले 43 जण अजून त्याच मार्केटात कामाला जातात, आणि माझ्या विद्यार्थिनीच्या प्रशिक्षणाचे 14 महिने उरले आहेत. तिच्या थिसिसचा विषय आता बदलणार नाही, पण तुम्ही परवानगी दिलीत तर हा अभ्यास ती थिसिसबाहेर करायला तयार आहे. तसं तिने मला लिहून दिलं आहे.

आपली,
घणसोली, नवी मुंबई येथील एक फॅमिली डॉक्टर